खिशातला लेझर

मैत्रिणींनो, २०२३च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे काही तरुण आले. मिरवणुकीतल्या लेझरने त्यांच्या दृष्टिपटलाला इजा झाली होती. पुढच्याच वर्षी पुण्यात पोलिसांनी गणेशोत्सवात अशा दिव्यांवर बंदी घातली. चांगलंच झालं. पण माझ्या मते काम अर्धंच झालं. मिरवणूक वर्षातून एकदा. पेनाएवढा लेझर मात्र मुलांच्या खिशात बाराही महिने. बारामतीच्या बाजारातून तो कन्हेरीत यायला कितीसा वेळ लागतो?

‘एवढ्याशा दिव्याने काय होतंय?’ असं आपण म्हणतो. होतं ना! उन्हात भिंगाखाली कागद जळतो, तसं डोळ्याचं भिंग हा किरण एका बिंदूवर आणतं आणि आतला पडदा भाजतो. तिथे दुखत नाही, म्हणून मूल सांगतही नाही. १ मिलिवॉटपर्यंतचा लेझर असेल तर पापणी आपोआप मिटून बचाव होतो. ५ मिलिवॉटच्या वरच्या लेझरपुढे पापणीचं काही चालत नाही. स्वस्त मालावरच्या छापील आकड्यावरही विसंबू नका. आरशावरून परतलेला किरणही तितकाच वाईट, आणि साधा काळा चष्मा इथे कामाचा नाही.

शंका आली तर मुलाला एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला सांगा. गज वाकडे दिसले किंवा मधोमध काळा डाग दिसला, तर घरातले थेंब घालत बसू नका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तो डाग चष्म्याने जात नाही.

बंदीचा हुकूम पोलीस काढतील. पोरांचे खिसे मात्र आपल्यालाच बघावे लागतील.