वास कसला घेता, आकडा विचारा

पारा ४५ अंशांना टेकला की नागपुरातल्या पोरांना पाण्यापलीकडे काही सुचत नाही. नंदनवनसारख्या दाट वस्तीत घरच्या अंगणात पोहण्याचा तलाव कुठून असणार? मोठी मुले उन्हाळी बॅचच्या निमित्ताने शहरातल्या जलतरण तलावांवर जातात, धाकट्यांसाठी गच्चीवर फुगवायचा टब मांडला जातो. तलावावर नाव घालायला गेलेले पालक फी विचारतात, वेळ विचारतात, शिकवणारे सर कोण हेही विचारतात. आज पाण्यात क्लोरीन किती आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते काम नाकावर सोपवलेले असते. औषधाचा उग्र वास आला म्हणजे पाणी चांगले, असा हिशेब.

हा हिशेब चक्क उलटा आहे. नाकात झोंबणारा तो वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात आणि डोळे चुरचुरतात ते बहुतेक त्यांच्यामुळे. म्हणजे जिथे वास जास्त, तिथे पोहणाऱ्यांच्या मानाने क्लोरीन कमी पडत असण्याची शक्यता अधिक. पाणी नितळ दिसणे हाही पुरावा नव्हे. तुरटीने गाळ बसतो आणि मोरचुदाने शेवाळ मरते, पण जंतूंचा बंदोबस्त झाला की नाही हे त्यातून कळत नाही.

ते कळण्याची सोय महाराष्ट्रात गावोगावी आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकतो, नळाच्या टोकाला जाऊन नमुना घेतो, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब सोडतो आणि पाणी पिवळे झाले की नाही ते पाहतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. पाण्याच्या सर्वेक्षणानंतर गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये तर गावातल्या महिलांच्या हाती तपासणी संच देण्यात आले. गावच्या विहिरीची एवढी चौकशी होते आणि शहरात पैसे मोजून ज्या पाण्यात मूल उतरते, त्याचा आकडा विचारायला आपल्याला संकोच वाटतो! तोही नागपुरात, जिथे आजच्या नीरीच्या रूपाने पाण्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५८ पासून उभी आहे.

तलावासाठी मात्र ओटीची बाटली पुरत नाही. तिच्यात मोकळा क्लोरीन आणि क्लोरामाइन दोन्ही मिळून रंग येतो, त्यामुळे वासाचे पाणीही झकास पिवळे दिसते. इथे मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारी डीपीडीची गोळी हवी. काचेची कुपी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची, नव्या पाण्याच्या तोटीपासून लांब, कोपरभर खोलीवरचा नमुना घ्यायचा, गोळी विरघळवायची आणि पांढऱ्या कागदासमोर धरून गुलाबी छटा तक्त्याशी जुळवायची. मोकळा क्लोरीन किमान १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम हवा. दुसऱ्या टप्प्याची गोळी टाकल्यावर रंग बराच गडद झाला, तर तो फरक क्लोरामाइनचा. एक खोच ध्यानात ठेवावी: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि पाण्यात काहीच नाही असे वाटते. अशा वेळी नमुन्यात स्वच्छ पाणी मिसळून पुन्हा पाहायचे.

क्लोरीनच्या जोडीला पीएच पाहिला नाही तर अर्धेच काम होते. पीएच ७.५ च्या आसपास असताना मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मा जोमाने जंतू मारणाऱ्या रूपात असतो. तोच पीएच ८ वर गेला की हे प्रमाण जेमतेम पाव उरते. ब्लिचिंग पावडर स्वतःच पीएच वाढवते, म्हणून पावडर ओतत राहायचे आणि पीएच मोजायचाच नाही, हा पैशाचा चुराडा. शिवाय विदर्भाचे ऊन. उघड्या तलावातला क्लोरीन त्या उन्हात दोन तासांत बराचसा उडून जातो. सकाळी सहाला घेतलेले रीडिंग दुपारच्या बॅचला काय कामाचे? ट्रायक्लोर या क्लोरीनयुक्त गोळ्यांमधले सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते खरे, पण ते पाण्यात साचत जाते आणि क्लोरीनला मंद करते. साचलेले आम्ल कमी करायचे तर काही पाणी बदलण्यावाचून सोपा इलाज नाही.

गच्चीवरच्या टबाला यातले काहीच लागू करू नये. तिथे गाळणयंत्र नसते. रोज टब रिकामा करून घासून वाळवणे आणि ते पाणी झाडांना घालणे, इतकेच पुरे.

हे सारे फाजील काळजीचे वाटत असेल, तर केरळ आठवावे. तिथे २०२४ मध्ये नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाच्या संसर्गाने मुले दगावली. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो, नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि एकदा लागण झाली की वाचणारे फार थोडे. पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातल्या उस्ती नाद लाबेम शहरात १९६२ ते १९६५ या काळात एकाच बंदिस्त जलतरण तलावाशी संबंधित १६ जण याच आजाराने गेले. पुरेसा क्लोरीन सतत टिकवला तर हा अमीबा मरतो. यातला ‘सतत’ हा शब्द व्यवस्थापनांना जड जातो.

‘आमच्याकडे मशीन आहे, माणूस आहे’ हे उत्तर ठरलेले असते. मशीन आणि माणसे रिओ ऑलिंपिकलाही होती. २०१६ मध्ये तिथल्या डायव्हिंगच्या तलावात ठेकेदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, त्याने क्लोरीन निष्प्रभ केला आणि साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर पाणी हिरवेगार झाले.

म्हणून महापालिकेने तलावाच्या परवानगीलाच एक अट जोडावी: प्रवेशद्वारावर फळा, त्यावर दर बॅचआधीचा मोकळा क्लोरीन, पीएच, वेळ आणि तपासणाऱ्याची सही. खर्च खडूचा आणि गोळ्यांचा. पालकांनी स्वतःची कुपी घेऊन जाण्यातही गैर काही नाही; व्यवस्थापनाने कपाळाला आठ्या घातल्या तर त्यातूनही पुष्कळ कळते. तोवर, उन्हाळी बॅचची फी भरण्याआधी गेल्या आठ दिवसांची नोंदवही मागावी. तीत रोज, प्रत्येक वेळी तोच आकडा लिहिलेला दिसला, तर पाणी मोजलेले नाही असे खुशाल समजावे.