भिंत पाडण्याआधी

घरात निकाह ठरला की हॉल मोठा करायचा विषय निघतो. मिस्त्री म्हणतो, "आतलीच भिंत आहे, दोन दिवसांत पाडतो." थांबा! जुन्या विटांच्या इमारतीत आतली भिंतही वरच्या मजल्यांचा भार पेलत असते. नुसते ठोकून ते कळत नाही. घाटकोपरला 2017 मध्ये इमारत कोसळून 17 जीव गेले. तळमजल्यावरच्या फेरबदलात खांबांना धक्का लावल्याचा आरोप होता. म्हणून आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, लेखी अहवाल घ्या. मग सोसायटीकडे अर्ज करा आणि महापालिकेची परवानगी काढा. कागद हाती आल्यावरच हातोडा उचला. घर आपले असले तरी त्या भिंतीवर वरचा शेजारीही निर्धास्त झोपतो. शेजाऱ्याचा हक्क आपण जाणतोच.