गाव हलवता, तर घरही हलवा

उमरेड, सावनेर, वणी, चंद्रपूर. कोळशासाठी गावं उठवायची वेळ या पट्ट्यात वारंवार येते. इथल्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणानं नागपूर-भंडारा जिल्ह्यांतली गावं उठवली, ती वेगळीच. विस्थापितांच्या मोबदल्यावर आपण भांडतो, ते भांडायलाच हवं. पण गावातल्या बांधकामाचं काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं मूल्यांकन होतं आणि मग जेसीबी येतो.

स्वीडनमधल्या किरुना शहराखालीही खाण आहे, लोखंडाची. जमीन खचू लागली म्हणून शहराचा मोठा भाग हलवणं चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च उभंच्या उभं पाच किलोमीटर नेलं. वजन ६७२ टन. खालून पोलादी तुळया सरकवल्या, जॅकनं उचललं, अनेक चाकांच्या ट्रेलरवर ठेवलं आणि दोन दिवसांत नव्या जागी पोचवलं. त्यासाठी रस्ताही रुंद केला. खर्च खाण कंपनीनं केला, आणि ती कंपनी सरकारी मालकीची आहे.

हे तंत्र काही आजचं नाही. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात १९३० साली टेलिफोन कंपनीची आठ मजली, ११ हजार टनांची इमारत सरकवून काटकोनात फिरवली. आत कर्मचारी काम करत होते, फोनही चालू होते. आपल्या देशातही हरियाणाचे कारागीर रस्त्याच्या खाली गेलेली घरं जॅक लावून वर उचलतात. श्रीशैलम धरणाच्या वेळी कुडवेल्लीचं चालुक्यकालीन संगमेश्वर मंदिर दगड दगड सुटा करून आलमपूरला पुन्हा उभारलं गेलं. आपल्या उजनीत मात्र पळसदेवचं प्राचीन मंदिर तिथंच राहिलं. आजही दुष्काळात पाणी आटलं की ते उघडं पडतं आणि लोक बघायला जातात.

मी बांधकाम अभियंता आहे. जुन्या घरांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय. विदर्भातलं जुनं सागवानी घर सुटं करता येतं, हे मी अनुभवानं सांगतो. दगडी उथळ्यावर उभा खांब, त्यावर तुळई, खाचेत बसवलेलं कुसू, वर कवेलू. भिंत मातीची, पण छताचा भार ती घेत नाही. तो खांब घेतात. जाणता सुतार प्रत्येक लाकडावर खूण करतो, वरून खाली घर उतरवतो आणि दुसरीकडे त्याच क्रमानं चढवतो. भिंत नवी घालावी लागते, घर मात्र तेच राहतं.

माझ्या मामाचं गाव धरणाच्या बुडितात गेलं, तेव्हा मामानं हेच करायचं ठरवलं होतं. लाकडांवर गेरूचे आकडे घातले, कवेलू उतरवून ठेवले. पण नवा प्लॉट इतका आखूड निघाला की ओसरीचे खांब उभे केले तर स्वयंपाकघराला जागा उरत नव्हती. एवढं लाकूड पावसाळाभर ठेवायचं कुठं? शेवटी सगळं व्यापाऱ्याला विकलं. सुतार होता, लाकूड होतं, मामाची तयारीही होती. प्लॉट आखताना कुणी घर मोजलं नव्हतं, एवढंच नडलं.

कायद्यात या गोष्टीला जागा आहे. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्यात विस्थापित कुटुंबाला ५० हजार रुपये वाहतूक खर्च मिळतो. त्यात माणसं, सामान आणि गुराढोरांबरोबर बांधकाम साहित्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे घराचं साहित्य नव्या गावी येईल, हे कायद्यानंच धरलं आहे. पण मोठं सागवानी घर उतरवायची मजुरी, ट्रक, साठवण आणि पुन्हा उभारणी त्या रकमेत बसत नाही.

लोकांच्या हाताला काम नाही, मोबदला अडकलेला आहे आणि तुम्ही खांब-तुळया काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच हा खर्च मोबदल्यातून एक रुपयाही न कापता प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वेगळा धरावा. प्रत्येक घर हलवा, असंही मी म्हणत नाही. सिमेंटचं साधं घर नव्यानं बांधणंच स्वस्त पडतं. पण गावची चावडी, जुनं देऊळ, एखादा वाडा, ज्या ओसरीवर चार पिढ्यांची लग्नं ठरली ते घर, यांचं मोल चौरस फुटात निघत नाही. नव्या वसाहतीत सगळे प्लॉट सारखे दिसतात. तिथं जुन्या गावाची एक तरी वास्तू उभी असली, तर मुलांना आपण कुठून आलो ते दाखवता येईल.

करायचं काय, तेही सरळ आहे. मोबदल्याची नोटीस निघण्याआधी गावातल्या हलवण्याजोग्या वास्तूंची नोंद व मोजमाप व्हावं. त्यासाठी नागपुरातच व्हीएनआयटी आहे. नव्या गावठाणाचा आराखडा त्या मोजमापानंतर काढावा. लाकूड-कवेलू ठेवायला वसाहतीत शेड द्यावी. आणि कोणती वास्तू न्यायची, ते ग्रामसभेनं ठरवावं. वेस्टर्न कोलफील्ड्सनं पुढच्या पुनर्वसनात निदान एका गावात हे करून दाखवावं. खाणीसाठी डोंगराएवढी माती हलवणाऱ्यांना एक चावडी हलवणं मुळीच जड नाही.