जुन्या पिकअपला लिफ्ट किट बसवायचंय? आधी टेप आणि फोन घेऊन गाडीखाली जा

सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा आणि भूम तालुक्यांत काय झालं ते आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलं. सीनेचं पाणी गावात शिरलं, एनडीआरएफच्या बोटी आल्या, काही माणसांना तर हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. त्यानंतर माझ्या फीडमध्ये एक वेगळाच पूर आला, उंच केलेल्या पिकअपच्या रील्सचा. ‘तीन इंच लिफ्ट मारली, आता पाण्याचं टेन्शन नाही!’ परंड्याकडच्या माझ्या मावसभावाने त्यातलीच एक पाठवली आणि विचारलं, “दादा, आपल्या गाडीला कुठलं किट टिकंल?”

गाडी बारा वर्षांची. कधी दुधाचे कॅन, कधी कांदा, कधी कडबा. मी त्याला लगेच किटचं नाव सांगितलं नाही, कारण त्या रीलमधला दावाच आधी तपासायला हवा होता.

सस्पेन्शन लिफ्टने नक्की काय उचललं जातं? चेसिस, केबिन आणि हौदा. अ‍ॅक्सल जिथल्या तिथेच राहतो. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोल डबा असतो, तो जमिनीपासून आधी जितका होता तितकाच खाली. काळ्या रानातल्या पाणंदीत ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडल्या की मधल्या उंचवट्याला घासतो तो हाच डबा. तो वर न्यायला मोठा टायर लागतो, आणि तिथेही हिशेब अर्धाच: टायरचा व्यास ५ सेंमी वाढला तर डबा अडीच सेंमी वर जातो. शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो आणि घाटात क्लचवर ताण येतो.

आता पाणी. साधारण ३० सेंमी वाहतं पाणी छोट्या कारला हलवू शकतं आणि ६० सेंमी पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं. पुलावरून पाणी जात असताना दोन इंचांचं किट, म्हणजे ५ सेंमी, काय वाचवणार? रीलमधली गाडी पार झाली कारण त्या दिवशी पाणी कमी होतं. न पार झालेल्या गाडीची रील बनत नाही.

मग लिफ्टचा उपयोगच नाही का? आहे. खराब रस्त्यावर चाकाला वर-खाली व्हायला जास्त जागा मिळते, चढ-उताराला बंपर टेकत नाही, मोठा टायर बसतो. पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि माल वाहणाऱ्या गाडीला ती जास्तच मोजावी लागते. एक ढोबळ गणित बघा. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंमी धरा आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंमी. उलटण्याविरुद्धची ताकद म्हणजे अर्धं अंतर भागिले उंची, म्हणजे ०.७०. गुरुत्वमध्य ५ सेंमी वर गेला की ती साधारण ०.६७ होते. आकडा छोटा वाटतो, पण वर कडब्याचा ढीग असेल तर गाडी आधीच काठावर असते.

मला सगळ्यात धोक्याची वाटते ती गोष्ट मात्र कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी लोड पाहणारा एक व्हॉल्व्ह असतो. चेसिसवर व्हॉल्व्ह आणि तिथून अ‍ॅक्सलपर्यंत एक दांडी. माल भरला, गाडी खाली बसली, की दांडी व्हॉल्व्हला सांगते, वजन आहे, मागे जास्त ब्रेक दे. तुम्ही ठोकळा टाकून किंवा पाटे वाढवून मागची बाजू उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे दीड टन कांदा घेऊन तुळजापूरचा घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर. ज्या गॅरेजवाल्याला ‘व्हॉल्व्हची दांडी परत सेट करणार का?’ विचारल्यावर तो तुमच्याकडे बघत बसतो, त्याच्याकडून लिफ्ट करून घेऊ नका. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हेही त्यालाच विचारा.

कायद्याबद्दल दुकानदार म्हणतो, “आरसीवर उंची लिहिलेलीच नसते, काय होत नाही.” अर्धसत्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी वेगळी करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच बाजू उचलून धरली. कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर फिटनेस दरवर्षी. म्हणजे एमएच-२५ ची बारा वर्षांची पिकअप दर वर्षी तपासणीसाठी उभी राहणारच. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर क्लेमवर वाद होऊ शकतो. म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, लेखी उत्तर घ्या. फिटनेसची तारीख एमपरिवहन अ‍ॅपवर दिसते.

एवढं सगळं कळूनही करायचंच असेल, तर टिकाऊपणा ब्रँडच्या स्टिकरवर नाही, वजनाच्या हिशेबावर ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचं ‘ओल्ड मॅन ईमू’ असो की आणखी कुठलं, चांगला विक्रेता आधी विचारतो की गाडीत कायम किती वजन असतं. भारी पाटे टाकून गाडी रिकामी फिरवली तर ती आदळते, आणि जुन्या चेसिसला पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी तडे जायला लागतात. पाटे, शॉकअप, बुश आणि यू-बोल्ट एकमेकांना जुळणारा संच घ्या. उंची वाढवून जुना शॉकअप ठेवला तर तो पूर्ण ताणला जाऊन लवकर मरतो. यू-बोल्ट नवेच हवेत, आणि पाचशे-हजार किलोमीटरनंतर परत आवळून घ्यायचे. लांब शॅकल हा स्वस्तातला उपाय. त्यात शॅकल जितकी लांब कराल त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते आणि डिफरन्शियलचं तोंड फिरतं. पुढच्या अ‍ॅक्सलखाली ठोकळा तर कधीच नको.

तोंड किती फिरलं हे तुमचा फोन सांगतो. लेव्हल अ‍ॅप उघडा, गाडी सपाट जागेवर बंद करून, हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून, फोन आधी प्रॉपेलर शाफ्टला आणि मग डिफरन्शियलच्या तोंडाला टेकवा. दोन्ही कोनांचे फोटो काढा. काम झाल्यावर पुन्हा मोजा. फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त पडला तर शाफ्टचे क्रॉस खडखडायला लागतील. मग पाट्याखाली तिरकी पट्टी लागते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र हे करायचं नाही.

मी मावसभावाला सांगितलं, किटचं नंतर बघू. आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोज आणि फोटो पाठव. संध्याकाळी फोटो आले. मागची उजवी बाजू डावीपेक्षा अडीच सेंमी खाली होती, आणि टॉर्च मारून काढलेल्या फोटोत तिसरा पाटा मधल्या बोल्टपाशी आडवा चिरलेला स्पष्ट दिसत होता. म्हणजे गाडी मुळात उंच होती, ती बसली होती. दोन्ही बाजूंना कंपनीच्याच मापाचे नवे पाटे आणि बुश घालायचं ठरलंय. गाडी पुन्हा सरळ उभी राहिली की तो परत मोजणार आहे. मला वाटतं, त्या फोटोनंतर त्याला रील पाठवायची गरज पडणार नाही, पण तो पाठवेलच.