चिठ्ठी कशाला मागता?

आपल्या केमिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका व्यवसायबंधूंनी मेसेज टाकला. "ती ७२ तासांवाली गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नका, गावातल्या पोरी बिघडायला लागल्यात." खाली पटापट अंगठे. मी उत्तर लिहिलं, ते "वाद नको" म्हणून ॲडमिननी उडवलं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते. पोस्ट लांबेल.

कायद्याचं आधी उरकते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही इमर्जन्सी गोळी २००५ पासून आपल्या देशात चिठ्ठीशिवाय मिळते. सरकार आशाताईंच्या हातून हीच गोळी घरोघरी पोचवतं. तिथे चिठ्ठी लागत नाही आणि तुमच्या काउंटरवर आली की बाईने मंगळसूत्र दाखवायचं का?

मूळ घोळ वेगळाच आहे. आपल्यातल्या कित्येकांनी ही गोळी आणि गर्भपाताची गोळी एकाच माळेत ओवलीय. गर्भपाताची औषधं, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची, त्याला वेगळा कायदा आहे. २०१७ च्या म्हैसाळ प्रकरणानंतर त्यावरून आपण सगळेच घाबरलो, ते मला समजतं. पण दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणं वेगळं आणि तहानलेल्याला ताकच नाकारणं वेगळं.

ही गोळी राहिलेला गर्भ पाडत नाही, तिला ते जमतच नाही. संबंध आला त्याच रात्री गर्भ राहतो असं नसतं. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतं, स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस. गोळी काय करते, तर ते स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. ते आधीच पडलं असेल तर गोळीचा उपयोग जवळपास नाही. म्हणून ७२ तासांची मुदत म्हणजे तिसऱ्या दिवशी निवांत घेतली तरी चालेल असं नाही. जितकी लवकर तितकी बरी. शनिवारी संध्याकाळी आलेल्या बाईला तुम्ही "सोमवारी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन या" म्हणता, तेव्हा तिच्या ७२ तासांतले चाळीसेक तास तुम्ही खाल्लेले असतात. उद्या तिला दिवस गेले तर गर्भपाताच्या खोलीपर्यंत तिला कुणी ढकललं? संस्कार वाचवायला निघालेल्या याच माणसाने.

आणि बिघडलेल्या पोरी म्हणे! वीस वर्षं काउंटरवर उभी आहे. माझ्याकडे ही गोळी मागायला जास्त करून पुरुष येतात, त्यांत लग्न झालेले भरपूर. त्यांना कुणी चिठ्ठी विचारत नाही, बिघडलास का असंही नाही. बायका येतात त्यांत दोन-तीन लेकरांच्या आया असतात. नवऱ्याला निरोध नको असतो आणि "पाळी आत्ताच झालीय, काही होत नाही" हे त्यानेच सांगितलेलं असतं. होतं हो! पाळी पुढेमागे होणाऱ्या बाईचा दिवसांचा हिशेब कॅलेंडरवर बसत नाही. "शेवटी बाहेर काढलं", "पहिल्या वेळेला राहत नाही", "लगेच धुतलं", यातल्या एकावरही विसंबू नका.

चिठ्ठी मागण्यात जातो तो वेळ दोन वाक्यं सांगण्यात घालवा ना. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. टीबीची किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो, तेव्हा आधी विचारा. पाळी थोडी पुढेमागे होईल. आठवडाभर लांबली, किंवा संबंधाला तीन आठवडे झाले तरी आली नाही, तर लघवीची तपासणी करायची. पोटात एका बाजूला जोरात दुखलं तर थेट दवाखाना. गोळी झाल्या प्रसंगापुरती असते, पुढच्या रात्रीची हमी देत नाही आणि गुप्तरोगापासून वाचवत नाही. ती घेऊन कायमचं वांझपण येत नाही, पण दर महिन्याला हिच्यावरच भागवणाऱ्या बाईला रोजच्या गोळ्या, इंजेक्शन, निरोध यांबद्दल सांगणं आपलं काम आहे.

आणि जे कुणीच सांगत नाही ते: पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवली तर ती या गोळीपेक्षाही खात्रीची, आणि पुढची काही वर्षंही निभावते. सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात.

जबरदस्ती झालीय अशी शंका आली तर हळू आवाजात, बाजूला घेऊन विचारा. अशा मुलीला मोफत उपचार देणं सरकारी आणि खाजगी, दोन्ही दवाखान्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. हेही तिला माहीत नसतं.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी कॉलेजातली नोकरी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. आपल्या ग्रुपवर १४ एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो टाकणारे बंधू तेच, ज्यांनी हा मेसेज टाकलाय.

रविवारच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. ज्यांना ही गोळी ठेवायची नाही त्यांनी खुशाल ठेवू नये. मग गिऱ्हाइकाला "चिठ्ठी लागते" असं खोटं मात्र सांगू नये. "माझ्याकडे नाही, पुढच्या दुकानात बघा" एवढं म्हणावं. माझं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं.