कोयता खाली ठेवायचं वय

बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची माणसं पंचेचाळिशी-पन्नाशीत घरी बसू लागली की शेरा ठरलेला : फुकटच्या योजनांनी लोक आळशी झाले. हा शेरा साफ खोटा आहे.

पहाटे अंधारात तोडणी सुरू होते. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. डोक्यावर उसाची मोळी घेऊन, अरुंद फळीवर तोल सावरत ट्रकवर चढायचं. गाळप संपेपर्यंत हेच, वर्षानुवर्षं. 2019मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे आळसाचे आकडे आहेत का?

शिवाय काम सोडायचं की नाही, हे त्यांच्या हातात असतंच कुठे? मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. एकाची कंबर गेली की उरतो अर्धा कोयता, आणि उचलही तशीच घटते. मुकादम मग दुसरी, तरणी जोडी बघतो.

‘पेन्शनला साठीचा नियम सगळ्यांनाच आहे,’ असंही म्हणतात. सगळ्यांना कुठे? कारखान्यातल्या कायम कामगाराची दहा वर्षं सेवा झाली असेल, तर ईपीएस-95 या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरी सोडल्यावर पन्नाशीपासून, दर वर्षामागे 4 टक्के कपात सोसून, पेन्शन घेता येते. किमान पेन्शन 1,000 रुपये, म्हणजे तुटपुंजीच. पण वाट तरी आहे. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारा मात्र मुकादमाचा माणूस ठरतो. असंघटित कामगारांसाठीच्या श्रमयोगी मानधन योजनेत चाळिशीनंतर नाव घालता येत नाही आणि 3,000 रुपये मिळतात साठीनंतर. श्रावणबाळ योजना तर पासष्टीची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघे गेलेल्या बाईने मधली वर्षं काय खायचं?

म्हणून पेन्शन वयावर नको, हंगामांवर हवी. वीस हंगाम भरले की ती सुरू व्हावी, आणि बाईच्या नावावर वेगळी. नोंदी कुठून आणणार, ही सबब टिकत नाही. गाडीगणिक वजनाची पावती कारखाना फाडतो, तोडणीचे पैसे तिच्यावरच निघतात. त्या हिशेबाला मजुरांची नावं जोडायची आहेत. पैशांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकरता उसाच्या टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलेलं आहेच. कमी पडले तर वाढवा. जानेवारी 2024मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली, करार तीन वर्षांचा झाला. पुढच्या करारात दराच्या आधी पेन्शनचं कलम लिहून घ्या. संघटनांनी त्याशिवाय सही करू नये.