दूध निरुपद्रवी, टँकर मात्र नव्हे

तमिळनाडूतील विक्रवांडी-तंजावर महामार्गाच्या सेथियाथोपे ते चोळपुरम या ५० किलोमीटर लांबीच्या चौपदरी टप्प्याचे लोकार्पण २६ जुलै २०२५ रोजी झाले. चोळपुरमहून कुंभकोणम जवळच आहे. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले हे शहर मंदिरांसाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच निर्भेळ दुधाच्या ‘डिग्री कॉफी’साठीही. नव्या रस्त्यामुळे वाहतूक वेगवान होईल, यात शंका नाही. मात्र दुधाच्या टँकरची फेरी महामार्गावर सुरू होत नसते. ती खेड्यातील बल्क कूलरपाशी, भातशेती आणि कालव्यांच्या कडेने जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर सुरू होते आणि तोच टँकर पुढे महामार्गाला लागतो. या दोन्ही रस्त्यांवर तो प्रथमच चालविणाऱ्या चालकाची पूर्वतयारी कितपत झालेली असते, हा प्रश्न यानिमित्ताने विचारात घेण्याजोगा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालवाहू वाहनाच्या चालकाचे वय किमान २० वर्षे असावे लागते आणि अवजड वाहनासाठी त्या वर्गाचा स्वतंत्र परवाना लागतो. पेट्रोल किंवा रसायनांची वाहतूक करणाऱ्या चालकावर याखेरीज आणखी एक बंधन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ अन्वये त्याला धोकादायक मालाच्या वाहतुकीचे विशेष प्रशिक्षण घेऊन तसे प्रमाणपत्र बाळगावे लागते. दूध धोकादायक मालात मोडत नाही. त्यामुळे कालपर्यंत विटा वा भाताची पोती वाहणारा चालक त्याच परवान्यावर आज दुधाचा टँकर घेऊन निघू शकतो. नियमाने मालाचा धोका पाहिला आहे, वाहनाचा नाही.

वास्तविक, वाहन हाकण्याच्या दृष्टीने दुधाचा टँकर अधिक अवघड ठरू शकतो. द्रवाच्या अनेक टाक्यांमध्ये लाटेचा जोर मोडण्यासाठी छिद्रे असलेले आडवे पडदे बसविलेले असतात. दुधाच्या टाकीत ते सहसा टाळले जातात, कारण त्यांच्या सांदीकोपऱ्यांत साय आणि जंतूंचा थर धरतो व टाकी नीट धुतली जात नाही. आरोग्यासाठी हे योग्यच आहे. परंतु त्याची किंमत ब्रेकवर पाय असलेल्या माणसाला मोजावी लागते. दहा हजार लिटरच्या टाकीत निम्मे दूध असेल, तर सुमारे पाच टन वजन आत मोकळे हिंदकळत असते. ब्रेक दाबल्यावर वाहन थांबते, पण दूध थांबत नाही. ते पुढच्या भिंतीवर आदळते आणि थांबलेले वाहन पुन्हा पुढे ढकलले जाते. ओल्या रस्त्यावर हा धक्का टँकरला चौकात नेऊन सोडण्यास पुरेसा असतो. वळणावर हेच वजन बाहेरच्या बाजूला जाते. टाकीचा गुरुत्वमध्य मुळातच उंच असल्याने उलटण्याची भीती तेथे सर्वाधिक असते.

काठोकाठ भरलेल्या टाकीत लाटेला जागाच उरत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीत ती मोकाट सुटते. संकलनाचा टँकर गावोगावी थांबत भरत जातो; म्हणजे फेरीचा बराचसा भाग तो अर्धवटच भरलेला असतो. सर्वांत धोक्याची स्थिती हीच त्याची रोजची स्थिती. टाकीत स्वतंत्र कप्पे असल्यास आणि आसांवरील भार सांभाळून एक कप्पा पूर्ण भरल्यावरच दुसऱ्यात दूध घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. पण हा निर्णय अनेकदा चालकाच्या नव्हे, तर भरणा करणाऱ्याच्या हाती असतो.

जुने चालक नवख्याला जे सांगतात, त्याचा आधार हाच आहे. वळणावर शिरल्यानंतर नव्हे, शिरण्यापूर्वी वेग कमी करावा. ब्रेक लवकर आणि हलके लावावेत, आणि वाहन थांबल्यावरही लाट शमेपर्यंत पाय काढू नये. पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. रिकाम्या टँकरने परततानाही गाफील राहू नये. हलक्या वाहनाची चाके जोरात ब्रेक लावताच घसरतात. ही शिकवण क्लीनर म्हणून वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्याला आपोआप मिळते. थेट चालक म्हणून रुजू होणाऱ्याला ती पहिल्या वळणावर मिळते.

वेळेचा तगादा हा यातील आणखी एक पदर. सुमारे ४ अंशांपर्यंत थंड केलेले दूध उष्णतारोधक टाकीत काही तास टिकते. पण या टाकीला स्वतःची शीतयंत्रणा सहसा नसते. रस्त्यात खोळंबा झाला की तापमान चढू लागते आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातलेली होती. सकाळ-संध्याकाळच्या दोन संकलनांत विभागलेल्या दिवसाला ती लागू करणे सोपे नव्हते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. कोल्हापूरहून पुण्या-मुंबईकडे येणारे टँकर खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या ज्या दुहेरी वळणावरून उतरत आले आहेत, ते अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. कावेरीच्या सपाट खोऱ्यात घाट नाहीत. तेथे गतिरोधक, कालव्यावरचे अरुंद पूल आणि बाजारपेठेतील अचानक येणारी वळणे आहेत.

टँकर उलटल्यावर बादल्या-कळशा घेऊन जमलेल्या लोकांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि विषय तेथेच संपतो. उपाय फारसा खर्चिक नाही. टाकीत निम्मे पाणी भरून, मोकळ्या मैदानावर, अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली दिवसभर सराव करून घेणे कोणत्याही दूध संघाला शक्य आहे. नियम ९ च्या धर्तीवर तशी अट घालायची झाल्यास यादी मालाच्या नावाने नव्हे, तर टाकीच्या रचनेनुसार करावी लागेल. मग त्या यादीत खाद्यतेलाचे आणि पाण्याचे टँकरही येतील.